वाचकांचे प्रश्न : हायड्रोजन वायू श्वासावाटे घ्यावा का?

प्रश्न : माझ्या वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) चालू असतो. आमच्या भागात झालेल्या एका शिबिरात पाण्यापासून हायड्रोजन तयार करून तो नाकातील नळीवाटे देणारे यंत्र दाखवण्यात आले. जपानमध्ये याला सरकारी मान्यता आहे, दमा, अर्धांगवायू आणि कर्करोगही याने बरा होतो, असे तेथे सांगितले. वडील आता कॉन्सन्ट्रेटर काढून हे यंत्र आणा म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती करतो. कॉन्सन्ट्रेटर एक दिवसही बंद ठेवू नका. ज्या सीओपीडी रुग्णांच्या रक्तातील ऑक्सिजन विश्रांतीच्या वेळीही फार कमी असतो, त्यांचे आयुष्य दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने वाढते, हे १९८० च्या सुमारास झालेल्या चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे. हायड्रोजन हा ऑक्सिजनला पर्याय होऊ शकत नाही.

आता त्या दाव्यांकडे वळू. हायड्रोजनवरचे संशोधन थोतांड नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, मेंदूचा रक्तपुरवठा थांबून पुन्हा सुरू होताना जे घातक हायड्रॉक्सिल रेणू तयार होतात, त्यांना हा वायू निष्प्रभ करतो आणि शरीराला उपयोगी असलेल्या इतर क्रियाशील रेणूंना फारसा धक्का लावत नाही. त्यानंतर जगभर शेकडो प्रयोग झाले. ज्या जपानी मान्यतेचा उल्लेख आपण करता, ती २०१६ मधील असून हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या, अतिदक्षता विभागातील बेशुद्ध रुग्णांवर हा उपचार तपासून पाहण्यापुरती होती. त्या चाचणीत १५ रुग्णालयांतील ७३ रुग्ण होते आणि उपचार घेणाऱ्या गटाला व्हेंटिलेटरमधून ऑक्सिजनसोबत केवळ २ टक्के हायड्रोजन १८ तास देण्यात आला. ९० दिवसांनंतर मेंदूचे कार्य चांगले राहिलेले रुग्ण हायड्रोजनच्या गटात ५६ टक्के, तर दुसऱ्या गटात ३९ टक्के होते. मात्र कोविडमुळे चाचणी लवकर थांबवावी लागल्याने रुग्णसंख्या अपुरी पडली आणि हा फरक योगायोगाचा नाही असे संख्याशास्त्राच्या आधारे म्हणता आले नाही. जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण ८५ विरुद्ध ६१ टक्के होते, त्यामुळे आशा नक्कीच आहे. परंतु त्यावरून घरच्या यंत्राने अर्धांगवायू किंवा कर्करोग बरा होतो, असा निष्कर्ष कोणताही जबाबदार डॉक्टर काढणार नाही.

सीओपीडीपुरते बोलायचे, तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चीनमधील एक चाचणी आपल्या कामाची आहे. आजार एकाएकी बळावलेल्या १०८ रुग्णांपैकी निम्म्यांना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे मिश्रण, तर निम्म्यांना नुसता ऑक्सिजन सात दिवस दिला. मिश्रण घेणाऱ्यांचा खोकला, कफ आणि धाप अधिक कमी झाली. फुप्फुसांची क्षमता आणि रक्तातील ऑक्सिजन यांत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वडिलांना त्रास कमी झाल्यासारखे वाटेल, पण मूळ आजार तसाच राहील, अशी शक्यता यातून दिसते.

धोक्याविषयी शिबिरात बहुधा कोणी बोलले नसेल. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की ते मिश्रण पेट घेऊ शकते, म्हणून तर वरील जपानी चाचणीत २ टक्के वापरले. पाण्याचे विघटन करणारी अनेक घरगुती यंत्रे दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असे मिश्रण नळीत सोडतात. हेच सर्वांत स्फोटक प्रमाण होय. देवघरातली समई, गॅसची शेगडी कशाला, कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटमधून उडणारी बारीक ठिणगीही त्याला पुरते. ज्या घरात आधीच कॉन्सन्ट्रेटर चालू आहे, तेथे तर आग अधिक वेगाने भडकते. शिवाय कर्करोग आणि अर्धांगवायू बरे करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने मनाई केलेली आहे. शिबिराचे पत्रक जवळ असल्यास ते अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दाखवा.

वडिलांचे मन मोडू नका; त्यांची घुसमट खरी आहे आणि ती कमी करण्याचे सिद्ध मार्ग आहेत. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयातील किंवा आपल्या नेहमीच्या छातीविकारतज्ज्ञांकडे जाऊन इनहेलर नीट ओढला जातो का, ऑक्सिजनचा प्रवाह योग्य आहे का, फ्लू व न्यूमोनियाच्या लसी झाल्या आहेत का, हे तपासून घ्या आणि श्वसनाच्या व्यायामांची चौकशी करा.

प्रश्न : आमच्या कारखान्यात हायड्रोजनचे सिलिंडर येतात. रेग्युलेटर लावून तोच वायू थोडा थोडा घेतला तर चालेल का?
– एक कामगार, शिरोली

उत्तर : अजिबात नाही. शुद्ध हायड्रोजन श्वासात गेला की फुप्फुसांतील ऑक्सिजनची जागा तो घेतो आणि माणूस काही क्षणांतच, कसलीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडू शकतो. या वायूला वासही नसतो, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. औद्योगिक सिलिंडरमधील वायू माणसाने श्वासावाटे घेण्यासाठी तपासलेला नसतो, हे आपल्या सहकाऱ्यांनाही सांगा.