‘केस अजून कमिट झाली नाही’ म्हणजे काय?

प्रश्न: चुलतभावाला खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात अटक होऊन अडीच महिने झाले. वकील म्हणतात, केस अजून कमिट झाली नाही. म्हणजे काय? आणि खटला सुरू कधी होणार?

उत्तर: कमिट होणं म्हणजे मॅजिस्ट्रेटने केस सत्र न्यायालयाकडे वर्ग करणं. खुनाचा प्रयत्न (भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, जुन्या दंड संहितेचं ३०७) फक्त सत्र न्यायालयच चालवू शकतं, पण पोलीस दोषारोपपत्र (चार्जशीट) थेट तिथे नेत नाहीत. रिमांड (कोठडीचा आदेश), दोषारोपपत्र, आरोपीला कागदांच्या नकला देणं हे सगळं आधी खालच्या, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात होतं. पॉक्सो, अॅट्रॉसिटी यांसारख्या विशेष न्यायालयांच्या केसेसना मात्र ही पायरी नसते.

अडीच महिने झालेत, म्हणून आधी वकिलांना एवढंच विचारा: चार्जशीट दाखल झालं का? झालं नसेल तर कमिटलचा प्रश्नच येत नाही, आणि तुमच्या हातात त्याहून मोठी गोष्ट आहे.

जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यात पोलिसांना तपासासाठी ९० दिवस मिळतात. या कलमात दुखापत झालेली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणून ९०, ६० नव्हे. मोजणी अटकेच्या तारखेपासून नाही, मॅजिस्ट्रेटने पहिला रिमांड दिला त्या तारखेपासून, आणि तो दिवसही धरून. पहिला रिमांड १० एप्रिलला असेल तर ९०वा दिवस ८ जुलै. तोवर चार्जशीट आलं नाही तर ९ जुलैला डिफॉल्ट बेलचा, म्हणजे चार्जशीट मुदतीत आलं नाही म्हणून मिळणाऱ्या जामिनाचा, हक्क तयार होतो. इथे पुराव्याचं वजन, गुन्ह्याचं गांभीर्य काहीच बघितलं जात नाही.

गडबड होते ती अर्जाच्या वेळेवरून. अर्ज दुपारी टाकायचा म्हणून थांबलात आणि सकाळीच चार्जशीट दाखल झालं, की हक्क संपला. कोर्टाने त्याची दखल घ्यायची बाकी असली तरी उपयोग नाही. उलट, अर्ज आधी पडला असेल तर मागाहून आलेलं चार्जशीट तो हक्क हिरावू शकत नाही. म्हणून अर्ज तयार ठेवा, त्यात ‘जामीन देण्यास तयार आहे’ हे स्पष्ट लिहा, ९१व्या दिवशी कोर्ट उघडताच दाखल करा आणि दाखल केल्याची वेळ अर्जावर नोंदवून घ्या. जामीनदाराची कागदपत्रंही आधीच जमवा. आदेश होऊनही जामीनदाराअभावी माणूस आतच राहिला, असं फार वेळा होतं.

चार्जशीट वेळेत आलं असेल तर आता नियमित जामीन. जन्मठेपेच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटचे हात बरेचसे बांधलेले असतात, त्यामुळे अर्ज सत्र न्यायालयातच करतात. त्यासाठी केस कमिट व्हायची वाट बघावी लागत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की लोक दोन-दोन महिने उगाच घालवतात.

आता कमिटल. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत चार्जशीट, जबाब, पंचनामे यांच्या नकला त्याला मिळायला हव्यात. फार मोठी कागदपत्रं पेनड्राइव्हवरही देतात. सही करण्याआधी पानं मोजा, वैद्यकीय दाखला आणि सीसीटीव्हीची प्रत आहे का बघा. मॅजिस्ट्रेट इथे पुरावा तोलत नाही, फक्त कागद पुरे आहेत ना आणि गुन्हा सत्र न्यायालयाचा आहे ना, एवढंच बघतो. त्यामुळे ‘आमचा माणूस तिथे नव्हताच’ हा युक्तिवाद इथे करण्यात अर्थ नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी केस कशी चालवायची हे सांगणारा कायदा) मॅजिस्ट्रेटने दखल घेतल्यापासून ९० दिवसांत केस वर्ग करायची मुदत आहे. कारण नोंदवून ती १८० पर्यंत वाढवता येते. अडतं बहुधा दोन ठिकाणी: तारखेला एस्कॉर्ट (सोबत नेणारे पोलीस) नाही म्हणून आरोपीला कारागृहातून आणलं जात नाही, किंवा एखादा सहआरोपी फरार असतो. दुसऱ्या कारणासाठी वकिलांनी फरार आरोपीची केस वेगळी करायचा अर्ज द्यावा.

वर्ग झाल्यावर सेशन केसचा नवा नंबर पडतो. जुना आरसीसी नंबर (मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या केसचा) ई-कोर्टच्या संकेतस्थळावर टाकत बसू नका, नवा सीएनआर (तिथे केस शोधायचा क्रमांक) घ्या.

सत्र न्यायालयात पुढचा टप्पा आरोप निश्चितीचा, म्हणजे कोणत्या कलमांखाली खटला चालवायचा हे ठरण्याचा. दोषमुक्तीचा (खटला न चालवताच सोडावं असा) अर्ज कमिटलपासून ६० दिवसांत करावा लागतो आणि त्यात सरकार पक्षाचेच कागद बघितले जातात, तुमचे बचावाचे पुरावे नाहीत. जखम किरकोळ, नाजूक जागी नाही, असं वैद्यकीय दाखल्यातूनच दिसत असेल तर अर्ज करण्यासारखा आहे. खुनाचा प्रयत्न टिकत नाही, पण दुखापतीचं कलम टिकतं, असं न्यायाधीशांना वाटलं तर ते तेवढाच आरोप ठेवून केस परत मॅजिस्ट्रेटकडे पाठवू शकतात. दाखल्यात तसं काही नसेल, तर या अर्जाने बचावाची दिशा समोरच्याला आधीच कळते आणि तारखाही वाढतात.

आरोप वाचून दाखवतात, ‘गुन्हा कबूल आहे का’ विचारतात, आरोपी नाकबूल म्हणतो. त्यानंतर साक्षीदारांना समन्स निघतात. तुम्ही विचारताय तो खटला खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.