दादा विचारतो, "खरंच हरलीस?"

तुमच्या लांबलचक पत्राचा सारांश असा आहे : काचबिंदूने मोठ्या भावाची दृष्टी गेली त्याला सोळा वर्षे झाली, एकट्याने वावरायला तो केव्हाच शिकला, पण अलीकडे त्याला सतत धास्ती वाटते, दाराला कडी लावली का, बिल भरले का, हे तो दहादा विचारतो आणि "जगात न्याय नाही" हे त्याचे पालुपद झाले आहे. त्याचा न्यायावरचा विश्वास परत कसा आणावा, असे तुम्ही मला विचारता. शेवटच्या पानावर मात्र जाता जाता एक वाक्य येते : "रात्री बुद्धिबळाच्या डावात आम्ही त्याला जिंकू देतोच, पण हल्ली डाव संपल्यावरही तो 'खरंच हरलीस?' असे विचारतो." हा प्रश्न तुम्ही त्याच्या आजाराच्या खात्यात मांडला आहे. माझ्या मते सगळ्या पत्रात शुद्धीवर असलेला माणूस तेवढ्या प्रश्नात दिसतो.

अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असते, काळ्या मोहऱ्यांना हाताला कळेल अशी खूण असते आणि खेळी मोठ्याने सांगायची असते. बोटांनी पट चाचपण्याची मुभा असल्यामुळे, मोहरे भोकातून वर उचलल्याखेरीज त्याला हात लावला असे धरत नाहीत. अंध बुद्धिबळपटूंची आंतरराष्ट्रीय संघटना 1951 साली स्थापन झाली आणि त्यांचे पहिले ऑलिम्पियाड 1961 साली जर्मनीत झाले. या खेळात सवलत आहे ती पटावर काय चालले आहे हे कळण्याची, प्रतिस्पर्ध्याने वजीर उघडा टाकावा असे कोणत्याही नियमात नाही. सगळा डाव डोक्यात ठेवून खेळणाऱ्या माणसाच्या बोटांना तुमचा बिनजोर हत्ती लागला, तर तो तिथे का आहे हे त्याला कळत नसेल, असे तुम्हाला खरोखर वाटते?

ज्याला समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, त्याला समोरच्याच्या शब्दावर विसंबावे लागते. कडी तो हाताने तपासू शकतो, पण तुम्ही भरलेल्या बिलाबद्दल त्याच्याकडे तुमच्या शब्दाखेरीज काय आहे? आणि तोच शब्द रोज रात्री "हरले बाई" असे खोटे सांगतो. मग तो पुन्हा विचारतो, तुम्ही धीर देता, घटकाभर बरे वाटते आणि प्रश्न परत येतो. चिंता अशाच धीरावर पोसली जाते, हे मानसोपचार करणारी कोणीही व्यक्ती तुम्हाला सांगेल. झोप उडाली असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर त्याला तिच्याकडे अवश्य न्या.

आता न्यायाविषयी. "चांगल्याचे चांगलेच होते" असे तुम्ही त्याला समजावता, ते कृपा करून थांबवा, कारण त्याच हिशेबाने ज्याचे डोळे गेले तो वाईट ठरतो आणि हा हिशेब त्याने तुमच्या आधी करून ठेवला असणार. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विजेचे झटके बसत असल्याचे नाटक करणाऱ्या एका स्त्रीकडे पाहणाऱ्यांना तिचा त्रास थांबवता येणार नाही असे वाटले, तेव्हा त्यांनी तिलाच कमी लेखायला सुरुवात केली. जग न्यायी आहे या समजुतीची किंमत बहुधा सोसणाऱ्याकडूनच वसूल होते. जग एकंदरीत न्यायी आहे का आणि माझ्याशी लोक न्यायाने वागतात का, हे दोन प्रश्न संशोधक वेगळे मोजतात आणि मनःस्वास्थ्याशी अधिक निगडित दिसतो तो दुसरा. पहिल्याचे उत्तर ना तुमच्याजवळ आहे ना माझ्याजवळ. दुसऱ्याचे मात्र तुमच्या घरात रोज रात्री दिले जाते, आणि ते "नाही" असे असते.

तेव्हा आज डाव मांडण्यापूर्वी त्याला स्पष्ट सांगा की इतकी वर्षे आम्ही मुद्दाम हरत होतो, कोणकोण हरत होते तेही सांगा, आणि मग जिंकण्यासाठी खेळा. "तुझ्या भल्यासाठीच केले" हे वाक्य जोडू नका. तो चिडेल, कदाचित आठवडाभर पटाला हात लावणार नाही. त्या रागावर त्याचा हक्क आहे, म्हणून समजूत घालायला जाऊ नका. तो पुन्हा खेळायला बसला आणि तुम्ही त्याला हरवलेत, तर डाव कुठे फिरला ते त्याला विचारू द्या आणि खरे उत्तर द्या.