माचू पिचूसाठी लोन घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की येत्या ऑगस्टमध्ये दोघांनी पेरूला जायचंय, 4 दिवसांचा इंका ट्रेल (डोंगरातली जुनी पायवाट) चालत माचू पिचूला, म्हणजे इंकांच्या प्राचीन डोंगरी शहराच्या अवशेषांपाशी पोचायचंय, खर्च साधारण 6 लाख, त्यातले बोनसचे दीड लाख हातात आहेत, तरी बँक 14 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी पूर्ण 6 लाखांचं पर्सनल लोन द्यायला तयार आहे तर घेऊन टाकू का.

जा, नक्की जा, पण लोन काढून नको. ईएमआय साडेवीस हजाराच्या आसपास बसेल आणि 3 वर्षांत व्याजच जवळजवळ 1 लाख 38 हजार जाईल. एफडीतले 4 लाख अडीअडचणीचे आहेत, त्यांना हात लावू नका. घरखर्च आणि एसआयपी जाऊन महिन्याला 35 हजार उरतात म्हणताय ना, मग उरलेले साडेचार लाख 13 महिन्यांत जमतात. आरडी लावा, लिक्विड फंडात (कमी जोखमीच्या म्युच्युअल फंडात) टाका, काहीही चालेल, फक्त शेअर्समध्ये नको.

आणि खरं सांगायचं तर या ऑगस्टचं परमिट आता मिळणंही अवघडच. ट्रेलवर दिवसाला 500च माणसं सोडतात, त्यात गाइड आणि हमाल पण आले, त्यामुळे कोरड्या सीझनची, म्हणजे मे ते सप्टेंबरची परमिटं कित्येक महिने आधी संपतात. फेब्रुवारीत ट्रेल बंदच असतो. पुढच्या वर्षीचा ऑगस्ट धरा. तेव्हाही परमिट नाहीच मिळालं तर ओयांताइताम्बो या जवळच्या गावाहून ट्रेनने जा, माचू पिचू तेच दिसतं आणि खर्चही कमी होतो.

काटकसर करायची तर हॉटेलात करा, ट्रेकआधी ज्या शहरात उतराल त्या कुस्कोतल्या दिवसांत नको. कुस्को 3,400 मीटरवर आहे, माचू पिचूपेक्षाही उंच, आणि ट्रेलवरची सगळ्यात उंच खिंड 4,200 मीटरच्या वर. विमानातून उतरल्या उतरल्या चालायला लागलात आणि उंचीचा त्रास झाला तर ट्रेकचे सगळे पैसे पाण्यात. दोन-तीन दिवस तिथे नुसते राहा. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना किती उंचीपर्यंतचा ट्रेक कव्हर होतो ते पॉलिसीत स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

ऑफिसचा एलटीए (प्रवास भत्ता) यात धरू नका, त्याची करसवलत भारतातल्याच प्रवासाला मिळते. पॅकेजवर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापतील, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोवर पैसे अडकतात, आणि डॉलर वर गेला तर म्हणून अजून 50 हजार बाजूला असू द्या. परमिट नाव आणि पासपोर्ट नंबरवर निघतं, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, तेव्हा पासपोर्ट संपत आला असेल तर बुकिंगच्या आधी रिन्यू करून घ्या.