डब्यातल्या भाकरीपासून जगाकडे

ताई, चौथीच्या वर्गात जगाची ओळख करून देताना झेंडे आणि राजधान्या पाठ करून घेण्याची घाई करू नका. मधल्या सुट्टीत एखाद्या मुलाच्या डब्यातली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, भरीत आणि ठेचा यांवरून बोलायला लागा. भाकरीतली ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली आणि उडीद मात्र इथलाच. वांगे आपल्या भागातले, पण ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणे मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळात इकडे पोहोचलेले, हे नकाशावर दोरा लावून दाखवले की मुले स्वतःच पुढचे प्रश्न विचारतात. जळगावच्या केळीचा दोरा न्यू गिनीपर्यंत न्यावा. मला तो धडा सर्वांत आवडतो.

मात्र त्याआधी वर्गातल्या बोलींना मान द्या. एक मुलगी ‘आंडोर’ (अहिराणीत ‘मुलगा’) म्हणाली आणि वर्ग हसला, तेव्हा मी गप्प राहिले. ती पुढे कित्येक दिवस बोललीच नाही, याची खंत मला अजून आहे. आता मी ‘मुलगा’ या अर्थाचे अहिराणी, भिली, पावरी आणि प्रमाण मराठी शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून घेते आणि मगच परदेशी भाषांकडे वळते.