गरम गाडी अर्ध्या तासाने सेल्फ खाते? आधी उरलेला दाब मोजा

तुम्ही लिहिलंय त्यावरूनच बरंच कळतं. के-जेट्रॉनिक, म्हणजे बॉशच्या यांत्रिक पेट्रोल इंजेक्शनची गाडी, सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू होते. गरम असताना बंद करून लगेच चावी फिरवली तरी होते. पण अर्धा तास उभी राहिली की लांबलचक सेल्फ मारावा लागतो, मग एक-दोन सिलिंडर मिस करत कशीबशी पेटते आणि मिनिटभरात काही झालंच नव्हतं अशी चालते. प्लग, बॅटरी, फिल्टर बदलून झाले आणि आता मेकॅनिक फ्युएल डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल वाटून देणारा भाग) बदला म्हणतोय. कृपया तो एवढ्यात बदलू नका. तो खराब असता तर बहुधा चालत्या गाडीतही काहीतरी जाणवलं असतं. तुमची गाडी बिघडते ती बंद असताना.

इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, समोरची हवाही थांबते, पण ब्लॉक आणि एक्झॉस्टमधली उष्णता तिथेच असते. त्यामुळे बॉनेटखालचं तापमान आधी वाढतं आणि मगच उतरायला लागतं. तुमचा अर्धा तास नेमका त्या तापलेल्या काळात येतो. उघड्यावर पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतात. दाबाखाली मात्र ते द्रवच राहतं. म्हणून १९७३ साली आलेल्या या बॉशच्या यंत्रणेत इंजिन बंद असतानाही दाब धरून ठेवायची सोय आहे: पंपाच्या बाहेरच्या तोंडाशी पेट्रोल मागे जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह आणि पुढे दाब साठवणारा स्प्रिंग-डायफ्रामचा अ‍ॅक्युम्युलेटर. तो दाब गेला की नळ्यांत वाफ होते आणि ती वाफ बाहेर पडेपर्यंत तुम्ही सेल्फ मारत बसता.

आता मुद्दा असा, की दाब गेला म्हणजे तेवढं पेट्रोल कुठेतरी गेलं. कुठे गेलं ते शोधायचं, पार्ट त्यानंतर.

पहिली चाचणी फुकटची आहे. गाडी गरम करून अर्धा तास उभी ठेवा. मग वायरिंग डायग्रॅम पाहून पंपाचा रिले काढा, त्याच्या जागी फ्यूज लावलेली वायर जोडून पंप वीस-तीस सेकंद चालवा, रिले परत बसवा आणि सेल्फ मारा. स्पष्ट फरक पडला तर दुखणं दाबाचंच. फरक नाही, उलट एक्सलरेटर पूर्ण दाबून धरल्यावर पेटते, काळा धूर येतो, प्लग ओले निघतात, तर पेट्रोल इनटेकमध्ये किंवा सिलिंडरमध्ये गळतंय. आणि प्लग कोरडे असून स्पार्कच नसेल, तर इग्निशन मॉड्यूल किंवा इग्निशनच्या डिस्ट्रिब्युटरमधला सेन्सर तापल्यावर दगा देतोय. मग इंधनाकडे बघायचं कारणच नाही.

दाबाचं असेल तर गेजशिवाय पुढे जाऊ नका. व्हॉल्व्ह असलेलं गेज फ्युएल डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिन तापेल तसं मिश्रण पातळ करणारा भाग) यांच्यामध्ये बसतं. व्हॉल्व्ह बंद ठेवून सिस्टिमचा दाब दिसतो, साधारण ५ बारच्या आसपास; उघडून कंट्रोल प्रेशर, म्हणजे तो रेग्युलेटर ठरवतो तो दाब, गरम इंजिनला सुमारे ३.५ बार. तुम्हाला हवा आहे तो तिसरा आकडा. इंजिन बंद करा आणि काटा बघत राहा. तो झपकन इंजेक्टर उघडण्याच्या दाबाखाली येतो, चांगल्या यंत्रणेत अ‍ॅक्युम्युलेटर त्याला किंचित वर उचलतो, आणि तिथून तो अगदी सावकाश उतरतो. बऱ्याच गाड्यांत १० मिनिटांनी १.८ आणि २० मिनिटांनी १.६ बारपेक्षा कमी चालत नाही. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम धरा. काटा थेट शून्यावर आला तर माझा पहिला संशय चेक व्हॉल्व्हवर.

संशय पक्का करायलाही पार्ट लागत नाही. पुन्हा दाब भरा, पंप बंद करा आणि टाकीपासून पंपाकडे येणारी रबरी नळी लगेच क्लॅम्पने दाबा. काटा थांबला तर चेक व्हॉल्व्ह गेलाय, आणि बऱ्याच पंपांवर तो सुटा बदलता येतो. थांबला नाही तर रिटर्नची रबरी नळी दाबून बघा. आता थांबला तर फ्युएल डिस्ट्रिब्युटरच्या अंगातला प्रेशर रेग्युलेटर, बहुतेक वेळा त्याची ओ-रिंग. पंप चालू असताना रिटर्न कधीही दाबू नका, आणि वरून धातूची जाळी असलेल्या नळ्यांना क्लॅम्प लावूच नका. अ‍ॅक्युम्युलेटरला मागे बारीक नळी असेल तर ती काढा: आतून पेट्रोल आलं की डायफ्राम फाटलाय, दुसरा पुरावा नको.

हे सगळं ठीक निघालं तर कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना जास्तीचं पेट्रोल देणारा. त्याची पेट्रोलची नळी तशीच ठेवून तो इनटेकमधून काढा, त्याचा वायरचा प्लग सोडवा, टोक पुसून कोरडं करा, दाब भरा आणि मिनिटभर टोकाकडे बघा. एक थेंबही जमता कामा नये. हा व्हॉल्व्ह गळतो तेव्हा दाबही जातो आणि इंजिनही ओलं होतं, त्यामुळे वरच्या चाचणीत दोन्ही लक्षणं थोडी थोडी दिसतात आणि माणूस गोंधळतो. मग इंजेक्टर बाहेर काढून तसेच तपासा. आत येणारी हवा मोजणारी एअर सेन्सरची प्लेट विश्रांतीच्या जागी येते का, हेही बघा. ती वर अडकली तर फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला, पेट्रोल सोडणारा प्लंजर उचललेला राहतो.

ही गळत्या पेट्रोलची कामं गरम इंजिनाजवळ करायची नाहीत. गाडी निवू द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, जॉइंट उघडताना कापड गुंडाळून आधी दाब सोडा आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी असू द्या. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. जुना वॉशर पुन्हा बसवलात तर तुम्हीच एक नवी गळती तयार कराल आणि गेज पुन्हा फसवेल.

सिस्टिमचा दाब, गरम असतानाचा कंट्रोल प्रेशर, बंद केल्यावर १० आणि २० मिनिटांचे आकडे, आणि कोणती नळी दाबल्यावर काटा थांबला, एवढं कळवा. त्यावरून कोणता पार्ट मागवायचा ते सांगतो.