लेगर म्हणजे खलाशी नव्हे

एका वाचकाचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घडणाऱ्या एका कादंबरीचा अनुवाद ते करताहेत. त्यात कालव्यातून मालाची नाव येते, पुढे बोगदा लागतो आणि बोगद्याच्या तोंडाशी दोन 'लेगर' वाट बघत बसलेले असतात. त्यांनी तूर्त 'खलाशी' लिहून ठेवलंय. चालेल का?

नाही चालणार. खलाशी नावेवरचा असतो, आणि हे दोघे मुळात नावेवरचे नाहीतच.

आपल्याकडे कालवा म्हटलं की पाटबंधारे खातं आणि उसाला सुटणारं आवर्तन आठवतं. इंग्लंडचे कालवे खणले ते कोळसा, चिनीमाती, कापूस वाहून नेण्यासाठी. नाव सुमारे ७० फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद. काठाच्या वाटेने घोडा चालायचा आणि दोराने ती ओढायचा. पंचाईत व्हायची बोगद्यात. डोंगर फोडायचा खर्च वाचावा म्हणून सुरुवातीचे पुष्कळ बोगदे नाव कशीबशी जाईल एवढेच ठेवले. घोड्याच्या वाटेला त्यात जागाच नाही. मग घोडा सोडायचा, त्याला डोंगरावरून पलीकडे न्यायचा (हे काम बहुतेकदा नावाड्याच्या पोरांकडे) आणि नाव माणसांनी पायांनी रेटायची.

रेटायची म्हणजे अक्षरशः. नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, आडवी फळी टाकायची. तिच्यावर दोघांनी पाठीवर झोपायचं, डोकी मध्ये, पाय दोन बाजूंना. एकाचे तळवे डाव्या भिंतीला, दुसऱ्याचे उजव्या. आणि पडल्या पडल्या भिंतीवर एकेक पाऊल टाकत चालायचं. बोगदा रुंद असेल तर फळी नावेच्या बाहेर निघालेली, म्हणजे कंबरेखाली आधार नाही. अंधार, छतातून ठिबकणारं पाणी. तोल गेला तर माणूस खाली पाण्यात आणि मालाने भरलेली नाव त्याच्या अंगावर. पेनाइन डोंगरातला स्टँडेजचा बोगदा १८११ साली खुला झाला, लांबी पाच किलोमीटरच्या वर. रिकामी नाव पार करायला तिथे एक तास वीस मिनिटं लागत, भरलेली असली तर तीन तास.

'लेग' या नामाचंच इंग्रजीने क्रियापद केलं, आणि ते करणारा तो लेगर. (आपणही हातावरून 'हाताळणे' केलं, लाथेवरून 'लाथाडणे', पायावरून मात्र रुळलेलं क्रियापद नाही, अडचण तीच आहे.) पैसे वाचवायला नावाडी स्वतःही असे पाय मारत, पण तेवढ्याने तो लेगर होत नाही. लेगर म्हणजे बोगद्यापाशी थांबलेला, एका खेपेपुरता नावेवर चढणारा आणि पलीकडे उतरणारा मजूर. घाट चढायला कसाऱ्याला गाडीला मागून जादा, बँकर इंजिन लागतं आणि इगतपुरीला सुटतं ना, तसा. ब्लिझवर्थच्या बोगद्यावर तर कंपनीने नेमलेले लेगर होते, दंडाला पितळी पट्टी बांधलेले. तिथे १८७१ मध्ये नावा ओढायला वाफेच्या बोटी आल्या आणि ते काम संपलं. हेअरकॅसलला १७७७चा जुना बोगदा अरुंद होता. टेलफर्ड या अभियंत्याने शेजारी दुसरा काढला, १८२७ मध्ये, तो घोड्याच्या वाटेसकट.

दोन सापळे सांगून ठेवतो. 'बूटलेगर'चा इथे काही संबंध नाही. तो बुटाच्या नळीत दारूची बाटली लपवणारा. आणि 'लेग इट' म्हणजे पळ काढणे, हा वाक्प्रचार लेगरांपासून आला असं हौसेने सांगितलं जातं, पण तो सतराव्या शतकातच सापडतो. कालव्यांचं युग त्यानंतरचं. याच कादंबरीत 'बार्जी' शब्द आला तर तिथेही सरळ 'नावाडी' करू नका. या अरुंद नावांवरच्या लोकांना तो शब्द शिवीसारखा लागे. त्यांच्या लेखी बार्ज म्हणजे दुप्पट रुंदीची वेगळीच नाव. कोणाच्या तोंडी तो आलाय ते बघा. वरच्या वर्गातला कुणी म्हणत असेल तर त्यातली तुच्छता मराठीत उतरायला हवी.

आता प्रतिशब्द. 'पायरेट्या' सुचला होता, पण वाचकाला समुद्री चाचाच दिसेल, तेव्हा तो बाद. 'पाय-मजूर' पुस्तकी वाटतो. मी 'लेगर'च ठेवीन आणि पहिल्या वेळी वाक्यातच उलगडा करीन: 'बोगद्याच्या तोंडाशी दोन लेगर बसले होते, भिंतीला पाय लावून नावा पलीकडे रेटून द्यायच्या, हा त्यांचा धंदा.' पुढे नुसतं लेगर. क्रियापद येईल तिथे 'पायांनी रेटणे' पुरेसं आहे. फक्त 'ढकलणे' टाळा, त्याने माणूस नावेच्या मागे उभा राहतो.