घरच्या घरी कारची हेडलाईट कस्टमाइझ करता येते का? जुन्या गाडीत एलईडी टाकू की प्रोजेक्टर?

येते की. मी सांगलीत दारातच करतो, स्वतःच्या गाडीचं आणि मित्रांच्याही. पण तुम्ही लिहिलंय काच पिवळी पडलीय, रात्री नीट दिसत नाही, म्हणून एलईडी नाहीतर प्रोजेक्टर (भिंगातून उजेड टाकणारा दिवा) टाकून आतनं काळं करायचंय. माझं म्हणणं एवढंच की आधी आहे तो उजेड बाहेर पडू द्या, नवीन काय टाकायचं ते नंतर बघा. बऱ्याच गाड्यांचं काम तिथंच भागतं.

काच म्हणतो आपण, पण ते पॉलीकार्बोनेट असतं, उन्हानं वरचं कोटिंग गेलं की पिवळं पडतं. टूथपेस्टनं चार दिवस चकाकतं, परत तेच. पत्र्याला मास्किंग टेप लावा आणि पाणी मारत मारत 800 चा वॉटर पेपर, मग 1500, 2000, शेवटी 3000. आधी पिवळट पाणी गळतं, ते पांढरं यायला लागलं की थर निघाला समजायचं, तेव्हा काच पार धुरकट दिसते पण घाबरू नका, तशीच दिसायला पाहिजे. नंतर युव्ही क्लिअर कोट मारायचाच, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा) असेल तर चांगला मास्क घालून मोकळ्या हवेत मारा.

मग वायरिंग. हॅलोजनला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास 30 टक्के पडतो. गाडी चालू ठेवून, लाईट लावून मल्टीमीटरनं बघा, बॅटरीवर 14 व्होल्टच्या आसपास आणि बल्बच्या कपलरवर (बल्ब जिथं खोचतो तो सॉकेट) 12 दिसलं तर चोर वायरमध्येच आहे. रिले किट बसवा, रिले म्हणजे बल्बला थेट बॅटरीवरून करंट देणारा स्विच, त्याच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीवरून फ्यूज लावून सप्लाय, 87 वरून बल्ब, 85-86 ला जुन्या कपलरचा सिग्नल. तयार कपलरवालं किट घ्या, कंपनीची वायर कापू नका. आणि बल्ब 60/55 वॅटचाच, 100/90 टाकला की कपलर वितळतो.

आता एलईडी. एच-4 बल्बमध्ये (दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब) डिप्परच्या, म्हणजे लो बीमच्या, फिलामेंटखाली बारीक पत्र्याची वाटी असते, काचेला बोट न लावता बल्ब हातात धरून बघा. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते म्हणून डिप्पर समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. रिफ्लेक्टरचं सगळं गणित त्या फिलामेंटच्या जागेवर असतं, एलईडीची चिप तिथं तंतोतंत बसत नाही, मग उजेड फाकतो. आमच्याकडं गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, कितीतरींना मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि त्यात समोरून असली पांढरी लाईट डोळ्यात आली की पुढची ट्रॉली दिसतच नाही हो. मला याचा खरंच राग येतो, म्हणून साध्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाका असं मी कुणालाच सांगत नाही.

प्रोजेक्टर चालेल, फक्त आपल्यासारखं डावीकडून चालणाऱ्या देशाचा घ्या. डिप्परची रेघ, म्हणजे उजेडाची वरची कड, आपल्याकडं डाव्या कडेला वर चढते, उलटा मिळाला तर ती थेट समोरच्यावर चढणार. डूम (हेडलाईटचा अख्खा डबा) काढून हीट गननं कडेचं सील मऊ करत हळूहळू उघडायचं. काही डूमना परमासील (कायमचं पक्कं सील) असतं, ते गरम करून मऊ होत नाही, जोर लावला की फुटतं, तिथं सोडून द्या. काळा रंग फक्त बेझेलला (दिव्याभोवतीची आतली शोभेची चौकट), रिफ्लेक्टरला नाही, आणि रिफ्लेक्टर कापडानं पुसायचा नाही, चकाकी कापडाला लागून येते. बंद करताना बुटाइल सील सलग भरा आणि मागची हवेची नळी बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात आत वाफ धरते.

काहीही केलं तरी शेवटी फोकस. सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी, टायरची हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर माणूस. बल्बच्या उंचीवर भिंतीला टेप लावा, डिप्परची रेघ त्याच्या साधारण 10 सेंटिमीटर खाली पाहिजे.

आरटीओचं विचारलंय, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळं गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, म्हणून प्रोजेक्टरच्या आधी एकदा तिथं विचारून घ्या. काच, रिले आणि फोकस हे निव्वळ दुरुस्तीचं काम आहे, ते या रविवारी बिनधास्त करा.